सांग्रियाला तरणी वाइन लागते

आमच्याकडे कुणी नवीन माणूस जेवायला आला की थोड्या वेळात विचारतोच, "तुम्ही सगळे मराठी, राहता बहरीनमध्ये, मग हे सांग्रियाचं वेड कुठून लागलं?" झालं! सगळे एकदम बोलायला लागतात. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा ओरडतो, "थांब, आधी ते शिकरणाचं सांग!" आणि जेवण गार होतं. गेल्या काही वर्षांत हे इतकं साठलंय की म्हटलं, एकदा मीच सगळं सांगून टाकते. निदान पुढच्या पाहुण्याला गरम जेवता येईल!

मंडळी मोजकीच. मी आणि माझा नवरा शिरीष, अमवाजला एका बिल्डिंगमध्ये राहतो. मी एका इन्शुरन्स कंपनीत अकाउंट्स बघते. समोरच्या फ्लॅटमध्ये पिलार, शाळेत संगीत शिकवणारी स्पॅनिश बाई. मग संभादादा, मूळ कोल्हापूरचे, राहायला बुसैतीनला, सलमाबादमधल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे मॅनेजर. आणि मिलिंद, नागपूरचा, कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाइनमध्ये संत्री, सफरचंद, पीच असली फळं कापून घालायची, थोडी साखर, एखादा दालचिनीचा तुकडा, आणि फ्रिजमध्ये मुरत ठेवायचं. प्यायच्या वेळी बर्फ आणि सोडा. ही सांग्रिया. वाइनचं सरबत म्हणा हवं तर. फक्त पिलारसमोर सरबत म्हणू नका!

* * *

सुरुवात माझ्यापासून झाली, कारण मी नाशिकची!

नाशिकची म्हणजे हिला वाइनमधलं कळतच असणार, असं बहरीनमधल्या प्रत्येक मराठी माणसाला वाटतं. अहो, आमच्या घरी द्राक्षं म्हणजे एक तर खायची, नाही तर त्यांचे मनुके व्हायचे. माझ्या वडिलांनी वाइनची बाटली बघितली ती हायवेवरच्या होर्डिंगवर! पण ऐकतो कोण? संभादादांनी कुठल्या तरी हॉटेलात सांग्रिया प्यायली होती, त्यांना ती घरी करायची होती, आणि त्यांनी परस्पर जाहीर केलं, "वाइन वैनी निवडणार. नाशिककर हायत त्या!"

मग मीही तोऱ्यात गेले आणि दुकानातली सगळ्यात भारदस्त बाटली उचलली. सोनेरी लेबल, जाड काच, आणि कित्येक वर्षं ओकच्या पिंपात मुरवल्याची मागे मोठी गोष्ट लिहिलेली. म्हटलं, इतकी मुरलेली वाइन म्हणजे सांग्रिया काय फक्कड होईल!

संत्री घातली, सफरचंद घातलं, साखर घातली. सगळ्यांनी पहिला घोट घेतला.

संभादादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वैनी," ते म्हणाले, "जाळ अन् धूर संगटच!"

शिरीषनं ग्लास खाली ठेवून विचारलं, "सर्दी कुणाला झालीय? हा काढा त्याला द्या."

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली बाई बर्फ मागायला आली होती. तोवर आमची ओळख लिफ्टमधल्या "हॅलो"पुरतीच. तिनं टेबलावरची रिकामी बाटली बघितली, शेजारचा जग बघितला, जगातली संत्री बघितली, आणि न विचारता सोफ्यावर बसली.

"ह्या वाइनमध्ये... संत्रं?"

पुढं ती इंग्रजीत जे बोलली त्याचं मराठी करायचं तर एवढंच, की पैठणीचं पायपुसणं केलंत!

मग तिनं बर्फाचं राहू दिलं आणि आमची शिकवणी घेतली. लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनला आपला एक तुरटपणा असतो, ठसका असतो. त्यावर संत्र्याचा आंबटपणा पडला की दोघांचं भांडण लागतं आणि सगळं कडू होतं. सांग्रियाला तरणी वाइन लागते. फळांच्या वासाची, तुरटपणा कमी असलेली, लाकडाचं तोंडही न बघितलेली. गार्नाचा नावाच्या द्राक्षाची घ्या, नाही तर तेम्प्रानियोची, पण कोवळी. महाग नकोच. मात्र इतकी हलकीही नको, की नुसती प्यायला घेतली तर तोंड वाकडं व्हावं.

संभादादा मन लावून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे भाजीला कवळा फणसच लागतो, तसं! पिकलेला गरा कोण फोडणीला टाकतंय का?"

मी पिलारला ते इंग्रजीत सांगितलं. तिनं जन्मात फणस बघितला नव्हता. पण ती उठून संभादादांपाशी गेली आणि तिनं त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "एक्झॅक्टली!"

* * *

पुढच्या खरेदीला संभादादा स्वतः गेले. शिकवणी ताजी होती ना!

आमच्याकडे वाइन मिळते ती ठरावीक लायसन्सवाल्या दुकानांत. काउंटरवर एक मल्याळी सेल्समन, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेला, फार सज्जन. संभादादांनी छाती पुढे काढून सांगितलं, "यंग वाइन दिखाव."

"यस सर. कितना यंग?"

"एकदम यंग. लकडी का शकल भी नहीं देखा, ऐसा."

सेल्समन गोंधळला. "सर, मतलब... किस के लिए?"

संभादादांना वाटलं, ह्याला अजून कळलं नाही. त्यांनी आवाज चढवला, "अरे बाबा, यंग मंगता है यंग! बूढ़ा नहीं चाहिए. एकदम बच्चा!"

सेल्समननं हातातली बाटली हळूच मागच्या फळीवर ठेवली. "सॉरी सर. बच्चा को हम नहीं देता."

* * *

मिलिंदबद्दल आधी एक सांगायला हवं. तो पीत नाही. पहिल्याच भेटीत त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "पंचशील घेतलंय आम्ही. मी पिणार नाही. पण चर्चेला बसतो!"

आणि चर्चेला बसला तो बसलाच! आम्ही पितो, तो वाचतो. बायको प्रज्ञा म्हणते, "ह्यांच्या मोबाइलमध्ये दारूचा इतिहास इतका भरलाय की कुणी बघितलं तर लग्नच मोडायचं माझं!"

एका ऑगस्टच्या दुपारी, बाहेर ऊन असं की पार्किंगपर्यंत जाताना चपला चिकटाव्यात, आम्ही सगळे आमच्या हॉलमध्ये जमलो होतो. पिलारनं जग टेबलावर ठेवला, बर्फ घातला आणि सहज म्हणाली, "स्पेननं जगाला दिलेली सगळ्यात छान गोष्ट!"

"एक मिनिट, ताई," मिलिंद म्हणाला. "हे काही पक्कं नाही."

झालं!

"'सांग्रे' म्हणजे रक्त, रंगावरून नाव पडलं, हे मान्य," मिलिंद सुरू झाला. "पण वाइनमध्ये पाणी आणि मसाले घालायची सवय रोमन लोकांची. त्यानंतर सगळा युरोप मसाल्याची गोड वाइन पीत होता. आणि इंग्रज लोक तिकडे वेस्ट इंडिजमध्ये काय पिऊन राहिले होते? वाइन, पाणी, साखर, वरून जायफळ! नाव काय त्याचं? सँगरी! आता सांगा, सांग्रिया आधी की सँगरी आधी?"

पिलार उभी राहिली. "युरोपात बाटलीवर नुसतं 'सांग्रिया' लिहायचा हक्क फक्त स्पेन आणि पोर्तुगालला आहे! कायदा आहे!"

"तो हक्क लेबलचा झाला, ताई. इतिहासाचा नाही!"

"अमेरिकेला सांग्रिया कुणी पाजली? आम्ही!"

"ते तर मी पण सांगून राहिलो ना! न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, साठच्या दशकात, तुमच्याच दालनात. पण ते पाजलं कुणी, हे झालं. शोधलं कुणी?"

असं बराच वेळ. एक स्पॅनिश, एक नागपुरी, दोघांच्या मधे इंग्रजीचे हाल! शेवटी पिलारनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "बरं! नाव ज्याचं असेल त्याचं असू दे. तहान आमची!"

"मंजूर!" मिलिंदनं आपला कोकम सरबताचा ग्लास उंच केला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

संभादादा इतका वेळ जगाशेजारी पळी घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मिटलं न्हवं? मग वतू का आता? बर्फ इतिहासजमा झालाय!"

* * *

शिरीषचा किस्सा छोटा आहे, पण तो वगळला तर संभादादा मला सोडणार नाहीत.

एकदा मी माहेरी गेले होते आणि शिरीषनं एकट्यानं सांग्रिया करायची ठरवली. संत्री संपली होती. त्यानं विचार केला, फळ ते फळ! घरात केळी होती, चिकू होते. दोन्ही घातले. वर साखर. फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मंडळींना बोलावलं.

मुरल्यावर केळ्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पिलारनं पळीनं जग ढवळला. पळी उभी राहिली!

तिनं जग लांब सरकवला. संभादादांनी मात्र वाटी घेतली, चमच्यानं एक घास खाल्ला आणि आत हाक मारली, "शिरीषराव, शिकरण बरं झालंय. पोळ्या किती लाटल्या?"

* * *

संभादादांना कुठलीही गोष्ट छोटी करता येत नाही. चार माणसांना बोलावलं तर चाळीस माणसांचा रस्सा. तेव्हा काचेचा जग त्यांना फार दिवस पुरणार नव्हताच.

मराठी मंडळींची हिवाळ्यातली मोठी पिकनिक ठरली. संभादादा म्हणाले, "जगाचं काम न्हाई हे. पिंप पाहिजे!" वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलचे तुकडे उरलेले असतात. त्यांनी मालकाला विचारून ते घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या हातानं पिंप करायला घेतलं. दुहेरी पत्रा, मधे थंडावा टिकायला इन्सुलेशन, खाली पितळी नळ, वर घट्ट झाकण. आतून असं घासलं की त्यात तोंड बघावं! रोज आम्हाला फोटो यायचा. "आज नळ बसला!" "आज झाकण बसलं!" पिंप तयार झालं त्या दिवशी त्यांनी त्याला हार घातला आणि सेल्फी पाठवला.

नेमके त्याच वेळी मालक आले. म्हातारे बहरीनी गृहस्थ, पाच वेळा नमाज पढणारे, अत्यंत धार्मिक. हार घातलेलं पिंप बघून ते थबकले.

"संभाजी, हे काय?"

आता काय सांगणार! सांग्रिया शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. संभादादा म्हणाले, "पाणी, सर. थंड पाणी."

"कुणासाठी?"

"वर्कर लोकांसाठी, सर. उन्हाळ्यासाठी."

मालकांनी झाकण उघडून बघितलं, नळ फिरवून बघितला. मग त्यांनी संभादादांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "इतकी वर्षं माणसं इथे उन्हात काम करतात, हे मला कसं सुचलं नाही? यल्ला, चल, असे आणखी पाच कर. सामान मी देतो. आणि हे आजच कामगारांच्या कॅम्पवर पाठव!"

संध्याकाळी पिकअपमधून पिंप गेलं. हारासकट!

संभादादांचा फोन आला. आवाज पडलेला. "वैनी, पिंप गेलं. मफी! खलास!"

पिकनिकला आम्ही पुन्हा काचेचे जगच नेले. पण पुढच्या उन्हाळ्यात संभादादा मला सलमाबादला काही कामासाठी घेऊन गेले, तेव्हा वाटेत त्यांनी कॅम्पपाशी गाडी उभी केली. सावलीत पिंपांची रांग, आणि माणसं बाटल्या भरून घेत होती. एकानं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं आणि "आहा!" केलं.

गाडी सुरू करताना संभादादा म्हणाले, "नळ मात्र मी भारी बसवलाय हां!"

* * *

रमजानच्या महिन्यात इथे दारूचा थेंब मिळत नाही, आणि आम्हीही त्या महिन्यात घरात काही काढत नाही. एका वर्षी पिलारचा वाढदिवस नेमका रमजानमध्ये आला. ती म्हणाली, "करू या ना. वाइनशिवाय!"

मग सगळ्यांच्या अंगात आलं. लाल द्राक्षांचा रस, डाळिंबाचा रस, संत्री, दालचिनी. पण तुरटपणा कुठून आणायचा? मला आठवली लूमी. इथली वाळवलेली काळी लिंबं, प्रत्येक बहरीनी घरात भातात, मटणात घालतात. दोन फोडून टाकली. काय सांगू! वाइनची आठवणसुद्धा येऊ नये असा रंग आणि असा झणका!

मिलिंदच्या हातात पहिल्यांदाच आमच्या जगातला ग्लास गेला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. इतिहासकाराला अखेर पुरावा मिळाला होता! त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, मान हलवली.

"बरं आहे ना बाप्पा," तो म्हणाला. "पण एवढ्यासाठी रोमन लोकांपासून आतापर्यंत भांडून राहिले सगळे?"

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या खालच्या मजल्यावर उम्म खालिद राहतात. उम्म खालिद म्हणजे खालिदची आई. त्यांना सगळे तसंच म्हणतात. रमजानमध्ये रोज संध्याकाळी त्यांच्याकडून काही ना काही येतं. म्हटलं, आज आपण पाठवू. एक जग भरून मी उपास सोडायच्या आधी खाली नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी जग परत आला, लुगैमातांनी, म्हणजे पाकातल्या तळलेल्या गोळ्यांनी भरलेला. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे इथंही आपल्यासारखंच. मागोमाग उम्म खालिद स्वतः आल्या. मुलांनी एका दमात संपवलं म्हणे. मग त्यांनी विचारलं, "ह्याला म्हणतात काय?"

पिलारनं माझ्याकडे बघितलं, मी पिलारकडे. रमजानचा महिना, इतकी भाविक बाई, आणि ह्यांना मी सांगू की ही सांग्रिया? त्या लगेच फोनवर शोधणार, आणि फोन सांगणार, वाइन!

"नाशिक!" माझ्या तोंडून निघून गेलं. "नाशिक शरबत. माझ्या गावाचं."

"नाशिक," त्यांनी दोनदा घोळवून म्हटलं. "सुंदर नाव आहे."

आता दर रमजानमध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये घराघरांत नाशिक होतं. मागच्या वर्षी लिफ्टमध्ये एक अनोळखी बहरीनी मुलगी भेटली. मी कुठली, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, नाशिक.

ती खळखळून हसली. "अच्छा! म्हणजे तुमच्या गावाचं नाव त्या शरबतावरून ठेवलंय?"

* * *

आता शेवटचा. हा सांगायचा हक्क खरं तर संभादादांचा, पण ते सांगताना मधेच हसायला लागतात आणि मग रडायला लागतात. म्हणून मी सांगते.

संभादादांची मुलगी ऋतुजा आयर्लंडला नोकरी करते. ती रजेवर बुसैतीनला घरी आली होती. सकाळी सुमनवहिनी, म्हणजे संभादादांच्या बायको, भाकऱ्या थापत होत्या, आणि ओट्यावर ऋतुजाचा फोन वाजला. वहिनींनी पिठाच्या हातानं वाकून बघितलं. स्क्रीनवर इंग्रजीत चार अक्षरं. जे, ए, व्ही, आय.

वहिनींनी वाचलं, "जावई"!

मला त्यांचा फोन आला तेव्हा त्या नुसत्या हुंदके देत होत्या. "अगं, पोरीनं जावई म्हणून नंबर सेव्ह केलाय! आम्हाला पत्ता न्हाई, आणि हितं जावई फोन करतोय!"

मग सगळं बाहेर आलं. मुलाचं नाव हावियेर, घरचं नाव हावी, स्पेनचा, ऋतुजाच्याच ऑफिसात. ओळख कशी झाली? तर कँटीनमध्ये ऋतुजा त्याला म्हणाली होती, "माझे बाबा बहरीनमध्ये सांग्रिया करतात." तो इतका हसला होता की तिथूनच बोलणं सुरू झालं.

"आई, त्याला जावी नाही म्हणायचं. हावी म्हणायचं," ऋतुजा समजावत होती.

"लिहायचं जावी आणि म्हणायचं हावी?" वहिनी म्हणाल्या. "नावापासनंच खोट!"

आणि त्यांनी मुलीशी बोलणं सोडलं. ऋतुजा परत गेली, महिने गेले, वहिनी फोनवर यायच्या नाहीत. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. वहिनींच्या थोरल्या बहिणीचा संसार दारूनं धुळीला मिळाला होता, इचलकरंजीत, वहिनींच्या डोळ्यांदेखत. संभादादांचा शुक्रवारचा ग्लाससुद्धा त्या कशाबशा चालवून घ्यायच्या, तेवढा वेळ आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. आणि आता पोरगी अशा देशात देणार, जिथं जेवताना पाण्याच्या जागी वाइन! एकदा मला म्हणाल्या, "ताईचं बघितलं ना मी. पोरीचं बघायची ताकद न्हाई गं आता माझ्यात."

संभादादांची गत निराळीच. बायकोपुढं गंभीर चेहरा, आणि मला फोन करून कुजबुजायचे, "वैनी, स्पेनचा हाय! आपल्या सांग्रियाला आता खरा पारखी मिळणार!"

शेवटी हावियेर स्वतः भेटायला येतो म्हणाला. शुक्रवारचं जेवण ठरलं. संभादादांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. पिलारला घेऊन दुकानात गेले, एकेक बाटली उलटीपालटी करून बघितली आणि कोवळी गार्नाचा निवडली. आदल्या दिवशी संत्र्यांची सालं अशी काढली की पांढरा पापुद्रा राहू नये, नाही तर कडवटपणा उतरतो. पीच कापले, दालचिनी घातली, सगळं मुरत ठेवलं. वहिनींनी तांबडा रस्सा केला, पांढरा रस्सा केला, सुकं मटण केलं, पण तोंडातून शब्द नाही.

हावियेर ऋतुजाबरोबर आला. उंच, किडकिडीत, कानापर्यंत लाजलेला. चपला दारात काढल्या, वाकून दोघांच्या पाया पडला. ऋतुजानं शिकवलेलं "नमस्कार" त्यानं इतक्या वेळा म्हटलं की शिरीषनं त्याला हाताला धरून बसवलं. वहिनी किचनच्या दारात उभ्या, पदर खोचलेला, हाताची घडी.

संभादादा आतून जग घेऊन आले. ओतताना प्रत्येक फळाची फोड ग्लासात नीट पडेल असं बघितलं. वर सोडा, एक पुदिन्याचं पान. मग दोन्ही हातांनी ग्लास पुढं केला आणि पाठ केलेलं इंग्रजी बोलले, "धिस, आय मेक फॉर यू. मेनी इयर्स प्रॅक्टिस. यू टेल मी ट्रूथ."

पिलार पुढं सरकली. मिलिंदनं सरबताचा ग्लास खाली ठेवला.

हावियेरनं ग्लासाकडे बघितलं. ऋतुजाकडे बघितलं. ऋतुजा जमिनीकडे बघत होती! त्याचा चेहरा त्या सांग्रियाच्या रंगाचा झाला.

"काका," तो हळूच म्हणाला, "आय ॲम व्हेरी सॉरी. मी पीत नाही."

"सांग्रिया पीत न्हाईस?" संभादादा त्या धक्क्यात सरळ मराठीत बोलले. ऋतुजानं त्याला सांगितलं.

"सांग्रिया नाही. वाइन नाही. बिअर नाही. कधीच नाही." मग तो म्हणाला, "माझ्या वडिलांनी आमच्या सगळ्यांच्या वाटची पिऊन टाकली. मी लहान असतानाच ठरवलं होतं."

आई फोनवर येत नव्हती, आणि बाबांचा उत्साह बघून त्यांना हे सांगायचा ऋतुजाला धीर झाला नव्हता. संभादादांचे दोन्ही हात तसेच पुढे, ग्लासातला बर्फ वाजतोय. इतक्या वर्षांची मेहनत, जगातला एकमेव पारखी, आणि तो पीत नाही! मला तर त्यांच्याकडे बघवेना.

किचनच्या दारातून वहिनींनी मला खूण केली. "काय म्हणतंय ते पोरगं?"

"पीत नाही म्हणतोय, वहिनी."

"आज न्हाई?"

"कधीच नाही."

"बिअर पण न्हाई?"

"बिअर पण नाही. वडील फार प्यायचे. ते बघून लहानपणीच सोडलं, हात लावायच्या आधीच."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वळून आत गेल्या. ऋतुजाचे डोळे भरले. आत भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी पडल्यासारखा, आणि मला वाटलं, झालं, संपलं सगळं!

वहिनी बाहेर आल्या त्या हातात ताट घेऊन. दोन्ही रस्से, सुकं मटण, भाकरी, वर लिंबू. ते त्यांनी हावियेरपुढं ठेवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग वळल्या त्या थेट नवऱ्याकडे. संभादादांच्या हातातला ग्लास काढून घेतला, टेबलावरचा जग उचलला.

"लाज कशी वाटत न्हाई हो तुम्हाला?" त्या कडाडल्या. "एवढं चांगलं निर्व्यसनी पोरगं आलंय घरात, आणि त्याला बिघडवताय व्हय!"